‘उचलवतो’ आणि ‘उचलते’ : अर्धांगवायूनंतरचा हात व त्याचे मोजमाप



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते या शाळेत व्याकरण शिकवीत. गुजरातेत राहून मराठी शिकणाऱ्या आम्हां मुलांना त्यांनी शक्य क्रियापदाची गोडी लावली. ‘ती पेला उचलते’ आणि ‘तिला पेला उचलवतो’ ही वाक्ये दिसायला शेजारशेजारची आहेत. पहिल्यात घडणारी कृती आहे, तर दुसऱ्यात केवळ अंगची शक्ती सांगितली आहे. शक्ती असली म्हणजे कृती घडतेच असे नाही, एवढा विवेक मराठीने एका ‘व’कारात साठवून ठेवला आहे. आज मी ज्या विषयाचा इतिहास आपल्यापुढे मांडणार आहे, त्याचा सारा गाभा या ‘व’कारात आहे. अर्धांगवायूतून उठलेल्या माणसाचा हात घरी, रोजच्या व्यवहारात, किती चालतो हे मोजण्याचा तो इतिहास आहे. मराठीच्या अध्यापकाने वैद्यकाच्या प्रांतात शिरावे याचे काहींना नवल वाटेल. त्याचे कारण ओघात येईलच.

प्रथम शब्दांकडे पाहू. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वातव्याधींमध्ये ‘पक्षाघात’ वर्णिला आहे. पक्ष म्हणजे बाजू. एका बाजूवर झालेला आघात. ग्रीकांच्या ‘ॲपोप्लेक्सिया’त आणि इंग्रजीतल्या ‘स्ट्रोक’मध्येही तडाख्याचीच कल्पना आहे. ‘अर्धांगवायू’ या आपल्या रूढ शब्दात दोषाचे नाव आणि शरीराची वाटणी दोन्ही आली. आपण गुजरातेतली मंडळी शेजाऱ्यांशी बोलताना ‘लकवो’ म्हणतो. तो शब्द अरबीतून आला असून मुळात तो चेहऱ्याच्या लुळेपणापुरता होता. हे सारे शब्द रोगाच्या पहिल्या क्षणाचे आहेत. आघातानंतर जे दीर्घ आयुष्य उरते, त्याचे नाव त्यांपैकी एकातही नाही.

वैद्यकाचे लक्षही दीर्घकाळ त्या पहिल्या क्षणावरच खिळले होते. १६५८ साली स्वित्झर्लंडमधील शाफहाउझेन येथील योहान याकोब वेप्फर या वैद्याने शवविच्छेदनाच्या आधारे दाखवून दिले की, हा झटका मेंदूतील रक्तस्रावाने येतो किंवा मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाह अडल्याने येतो. कारण कळले, तरी वाचलेल्या रुग्णाचा हात पुढे किती सुधारला हे सांगण्याची सर्वमान्य रीत पुढची जवळजवळ तीन शतके नव्हती. ‘बराच फरक आहे’, ‘थोडा हलतो’ अशी विशेषणे होती. विशेषण हा साहित्याचा अलंकार असेल. शास्त्रात मात्र ते मोजमापाची उणीव झाकते.

विसाव्या शतकात अंक आले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने मज्जातंतूंच्या जखमांसाठी स्नायूच्या बळाची ० ते ५ अशी श्रेणी प्रसिद्ध केली. १९५१ साली अमेरिकेतील थॉमस ट्विचेल यांनी लुळा पडलेला हात कोणत्या क्रमाने परत येतो याचे बारकाईने वर्णन केले. १९६५ साली फ्लॉरेन्स महोनी व डॉरोथिया बार्थेल यांनी जेवण, स्नान, कपडे यांतील स्वावलंबनाचे गुण देणारा निर्देशांक मांडला. १९७५ साली स्वीडनमधील आक्सेल फुग्ल-मायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी जी मापनश्रेणी सिद्ध केली, तीत हातासाठी ६६ गुण ठेवले होते. १९८१ साली रोनाल्ड लाइल यांनी १९ कृतींची आणि ५७ गुणांची चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात लहानमोठे लाकडी ठोकळे उचलायचे असतात, एका पेल्यातले पाणी दुसऱ्यात ओतायचे असते, गोटी चिमटीत धरायची असते आणि चक्क एक क्रिकेटचा चेंडूही उचलून ठेवायचा असतो.

या चाचण्यांचे मोल मोठे आहे आणि त्या आजही वापरल्या जातात. हाताच्या चाचण्यांतला प्रश्न मात्र एकच असतो : टेबलासमोर बसवून, ‘उचला’ असे सांगितल्यावर, या माणसाला ठोकळा उचलवतो का? तो माणूस घरी गेल्यावर त्याच हाताने तांब्या उचलतो का, हे त्या विचारीत नाहीत.

हा भेद मला पुस्तकातून कळला नाही. २०१२ साली माझ्या पत्नीला झटका आला आणि तिची डावी बाजू गेली. पाच महिन्यांच्या व्यायामानंतर फिजिओथेरपिस्टच्या कागदावरचे आकडे समाधानकारक होते. मूठ मिटत होती, ठोकळे उचलले जात होते. घरी मात्र तो हात मांडीवर, पदराखाली, पाहुण्यासारखा बसून असे. विचारले तर ती म्हणे, ‘‘उजव्याने पटकन होतं.’’ आळस तिच्या स्वभावात नव्हता आणि कागदावरचे आकडेही खोटे नव्हते. हात आणि कागद वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत होते. २०१९ साली ती गेली. त्यानंतर या प्रश्नामागे कोण कोण लागले होते, हे मी वाचू लागलो.

न वापरण्याची सवय

या शोधाची वाट माकडांच्या प्रयोगशाळेतून जाते, आणि ती सर्वस्वी निष्कलंक नाही. १८९५ साली मॉट व शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञांनी माकडाच्या हाताकडून येणाऱ्या संवेदनेच्या नसा छेदल्या. स्नायूंना आज्ञा नेणाऱ्या नसा शाबूत होत्या, तरीही माकडाने तो हात वापरणे सोडले. संवेदनेवाचून हालचाल अशक्य, असा अर्थ त्यावरून पुढे काढला गेला. १९१७ साली ऑग्डेन व फ्रान्झ यांनी मेंदूस इजा झालेल्या माकडांचा चांगला हात बांधून ठेवला, तेव्हा दुबळा हात पुन्हा कामाला लागला. त्या निरीक्षणाकडे दीर्घकाळ कोणी फारसे लक्ष दिले नाही.

पुढे एडवर्ड टॉब या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हाच धागा हाती घेतला. संवेदना गेलेला हातसुद्धा, चांगला हात बांधल्यास, माकड वापरू लागते असे त्यांनी दाखविले. त्यांची मीमांसा अशी : इजेनंतरच्या पहिल्या काळात तो हात खरोखरच निकामी असतो. त्याने काही करू जावे तर वस्तू पडते, तोल जातो. दुसऱ्या हाताने काम साधते. अपयशाची शिक्षा आणि यशाचे बक्षीस यांतून ‘हा हात वापरायचा नाही’ हा धडा पक्का होतो. पुढे शक्ती परत येते, धडा मात्र पुसला जात नाही. यालाच त्यांनी शिकलेली अनुपयोगिता म्हटले. ‘उजव्याने पटकन होतं’ या शब्दांत हेच शास्त्र दडलेले होते.

१९८१ साली मेरिलँडमधील सिल्व्हर स्प्रिंग येथील टॉब यांच्या प्रयोगशाळेवर पोलिसांनी छापा घातला आणि १७ माकडे ताब्यात घेतली. प्राण्यांच्या हेळसांडीबद्दल प्रथम त्यांना दोषी ठरविण्यात आले. १९८३ साली वरिष्ठ न्यायालयाने, केंद्र सरकारच्या अनुदानाने चालणाऱ्या संशोधनास राज्याचा तो कायदा लागू होत नाही, असे म्हणून तो निर्णय रद्द केला. या प्रकरणाने अमेरिकेत प्राणिप्रयोगांविषयीचे कायदे कडक झाले. आज ज्या उपचाराचा लाभ माणसांना होतो, त्याच्या मुळाशी हा वेदनेचा हिशेब आहे, हे इतिहास सांगणाऱ्याने लपवू नये.

या मीमांसेतून जो उपचार निघाला, त्यात चांगल्या हाताला जागेपणीचा बहुतेक काळ जाड हातमोजा घालून ठेवतात आणि दुबळ्या हाताकडून दोन आठवडे तासन् तास काम करवून घेतात. २००६ साली स्टीव्हन वुल्फ यांच्या नेतृत्वाखालील ‘एक्साइट’ या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २२२ रुग्णांवरील या अभ्यासात हा उपचार नेहमीच्या देखभालीपेक्षा सरस ठरला. पण हात घरी किती वापरला हे कसे ठरवायचे? त्यासाठी एक प्रश्नावली होती. दिव्याचे बटण दाबता का, फडताळ उघडता का, असे विचारून ० ते ५ गुण द्यायचे. उत्तर देणारा रुग्ण असे किंवा त्याचा आप्त. माणसाची स्मृती दुबळी असते, आणि ज्याने आपल्यासाठी इतके कष्ट घेतले त्या उपचारकाला निराश करण्याचे धैर्यही सहसा होत नाही. हवा होता असा साक्षीदार, ज्याला ना विसर पडतो ना भीड.

मनगटावरचा साक्षीदार

असा साक्षीदार शोधण्याची धडपड जुनी आहे. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ एत्यान-ज्यूल मारे यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एका बुटाचे वर्णन आहे. त्याच्या तळव्यात हवेची पोकळी होती. पाऊल पडले की हवा दाबली जाई, रबरी नळीतून तो दाब चालणाऱ्याच्या हातातील नोंदयंत्रापर्यंत पोहोचे आणि फिरत्या नळकांड्यावर रेघ उमटे. अंगावर बाळगून हालचाल नोंदवणाऱ्या साधनांचा हा एक सन्माननीय पूर्वज होय. १९५९ साली शुलमन व राइसमन या अमेरिकन संशोधकांनी आपोआप चावी बसणाऱ्या मनगटी घड्याळातच फेरफार केला. अशा घड्याळात हात हलला की एक छोटे वजन झुलते आणि कमान गुंडाळली जाते. त्यांनी ती हालचाल थेट काट्यांना जोडली. घड्याळ वेळ सांगेनासे झाले आणि मूल किती चळवळे आहे ते सांगू लागले.

खरी क्रांती सिलिकॉनने घडविली. १९७९ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात रॉयलन्स व एंजेल यांनी सिलिकॉनच्या चकतीत कोरलेला त्वरणमापक, म्हणजे ॲक्सिलरोमीटर, तयार केला. त्याचे तत्त्व सोपे आहे. बस एकदम सुटली की उभे प्रवासी मागे झुकतात. तसेच चकतीतील एक अतिसूक्ष्म वस्तुमान हिसका बसला की किंचित सरकते आणि ते सरकणे विजेच्या भाषेत मोजले जाते. १९९० च्या दशकात मोटारींतील एअरबॅग उघडण्यासाठी असे मापक मोठ्या संख्येने बनू लागले, ते स्वस्त व लहान झाले आणि पुढे प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलमध्ये जाऊन बसले. अपघाताचा धक्का ओळखण्यासाठी बनलेली वस्तू अशा रीतीने पक्षाघातातून सावरणाऱ्याच्या मनगटावर आली.

अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम येथील गितेंद्र उस्वत्ते यांनी टॉब यांच्यासह २००० साली यातली मोठी अडचण सोडविली. कच्चे आकडे निरुपयोगी ठरत, कारण एक जोराचा झटका शंभर नाजूक हालचालींना झाकून टाकतो. त्यांनी प्रत्येक दोन सेकंदांच्या तुकड्याला एवढेच विचारले : ठरावीक उंबरठ्यापलीकडे हालचाल झाली की नाही? ‘हो’चे तुकडे मोजले की हात किती वेळ चालला ते कळते. दुसरी युक्ती दोन्ही मनगटांवर यंत्र बांधण्याची. चालताना दोन्ही हात झुलतात, बसमध्ये दोन्ही हादरतात. म्हणून एका हाताच्या वेळेला दुसऱ्याच्या वेळेने भागले, तर असली समाईक हालचाल बरीचशी निष्प्रभ होते आणि हातांमधला खरा पंक्तिप्रपंच दिसू लागतो.

सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील कॅथरीन लँग व त्यांच्या सहकाऱ्यांनी या साधनाने जे पाहिले, ते मुळातून ऐकण्यासारखे आहे. २००७ साली त्यांनी झटक्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतील रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. निरोगी माणसांचे हात दिवसाकाठी ८ ते ९ तास चालत होते. रुग्णांचा बाधित हात ३.३ तास आणि चांगला हात ६ तास. बाधित हाताचे सोडा; चांगल्या हातालाही काम उरले नव्हते. त्याचे एक कारण उघड आहे. माणूस खाटेवर पडून असतो. २००४ साली ऑस्ट्रेलियातील जूली बर्नहार्ट यांनी मेलबर्नच्या पाच रुग्णालयांतील पाहणीत दाखविले होते की, दिवसाच्या निम्म्याहून अधिक वेळ रुग्ण अंथरुणात असत आणि ६० टक्क्यांहून अधिक वेळ एकटे असत. दुसरे कारण आपल्या म्हणीत आहे : एका हाताने टाळी वाजत नाही. ओले कापड पिळणे, वेणी घालणे, निऱ्या काढणे, बरणीचे झाकण उघडणे ही सारी दोन हातांची कामे. एक सोबती गेला की दुसराही बेकार होतो.

२०१३ साली बेली व लँग यांनी ७४ निरोगी प्रौढांची मोजणी केली. प्रमुख हात दिवसाला सरासरी ९.१ तास आणि दुसरा ८.६ तास चालत होता. त्यांचे गुणोत्तर ०.९५ भरले. भाषेच्या अभ्यासकाला हा आकडा विचारात पाडतो. ‘डावे-उजवे करणे’ म्हणजे भेदभाव करणे, ‘डाव्या हाताचा मळ’ म्हणजे क्षुल्लक काम. भाषेने ज्याला शतकानुशतके दुय्यम ठरविले, तो हात जवळजवळ बरोबरीने राबत असतो. उजवा भाजी चिरतो तेव्हा डावा ती धरून असतो. धरणाऱ्याचे श्रम कोणी मोजत नाही, एवढेच.

शक्ती वाढली, कृती नाही

आता या इतिहासातल्या सर्वांत अस्वस्थ करणाऱ्या भागाकडे येतो. लँग यांच्याच गटाने २००९ साली ३१२ उपचारसत्रांचे निरीक्षण प्रसिद्ध केले होते. हाताच्या उपयुक्त कृतींचा सराव ज्या सत्रांत होई, तेथे तो सरासरी केवळ ३२ वेळा होत असे. सराव वाढविला तर? म्हणून त्यांनी झटक्याला सहा महिने उलटून गेलेल्या रुग्णांकडून हजारो आवर्तने करवून घेतली. कोणाकडून ३,२००, कोणाकडून ६,४००, कोणाकडून ९,६००. २०१६ साली निष्कर्ष आला की, जास्त आवर्तनांनी जास्त लाभ झाला असे दिसत नाही. पाठोपाठ २०१७ साली त्याच प्रयोगातील ७८ जणांच्या मनगटावरील नोंदी वॉडेल व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केल्या. चाचणीतले गुण वाढले होते. घरातला हाताचा वापर मात्र होता तेथेच राहिला होता. ‘उचलवतो’ सुधारले, ‘उचलते’ सुधारले नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ सालच्या आपल्या वर्गीकरणात क्षमता आणि प्रत्यक्ष कार्य ही दोन कलमे वेगळी केलीच होती. मनगटावरच्या यंत्राने त्या दोहोंतील अंतर तासांत मोजून दाखविले. हे यंत्र नसते, तर चाचणीचे वाढलेले गुण पाहून सर्वांनी समाधानाने हात झटकले असते.

मग उपाय काय? टॉब यांच्या गटाने २०१३ साली दाखविले की, व्यायामाबरोबर घरच्या वापराची शिस्त जोडली तर घरातील वापर अधिक वाढतो. या शिस्तीत रुग्णाशी लेखी करार असतो, रोजनिशी असते, आणि ‘काल तो हात कुठे वापरला, कुठे नाही, का नाही’ अशी रोजची विचारपूस असते. तेथे मोजणी प्रश्नावलीची होती, हे ध्यानात ठेवूनही त्यातला बोध घेण्याजोगा आहे. सवय जेथे मोडली तेथेच ती पुन्हा जडवावी लागते, आणि ती जागा म्हणजे घर.

आपल्या देशात घराचा भार घरच्यांवरच पडतो. भारतातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर केलेल्या ‘अटेंड’ या चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. कुटुंबीयांना पुनर्वसनाचे शिक्षण दिल्याने सहा महिन्यांनंतरचे मृत्यू किंवा परावलंबन कमी झाल्याचे त्यात आढळले नाही. कुटुंबाची माया निष्फळ आहे असा याचा अर्थ मी करीत नाही. त्या चाचणीचा मुख्य प्रश्न जगणे आणि परावलंबन हा होता. हात दिवसातून किती तास चालला हा नव्हता. मात्र माया आणि शिक्षण एवढ्याने काम भागेल ही समजूत तिने ढिली केली आहे.

यंत्राच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. मनगट हलले हे त्याला कळते. घास तोंडाशी गेला की माशी हाकलली, हे कळत नाही. सुईत दोरा ओवणारा हात त्याच्या हिशेबी जवळजवळ स्वस्थ असतो. शिवाय जे यंत्र रुग्णाचा आळ दूर करते, तेच त्याच्यावर पाळतही ठेवू शकते. ‘आज फक्त तीनच तास?’ असा जाब रोज विचारला गेला, तर अपयशाच्या शिक्षेचा जुना धडाच पुन्हा गिरवला जाईल. आकडा रुग्णाच्या हाती असावा, त्याच्या डोक्यावर नसावा.

मला या इतिहासातून एक व्यवहाराची गोष्ट सांगावीशी वाटते. आपणांपैकी अनेकांच्या घरी असा एक हात असेल किंवा उद्या येईल. यंत्र मिळेल न मिळेल, पण त्यामागचा प्रश्न फुकट आहे. ‘हात वर करता येतो का?’ असे विचारण्याबरोबरच ‘आज या हाताने काय काय केले?’ असेही विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. त्या हाताला धरण्याचे का होईना, पण रोजचे एक खरे काम द्यावे : ताट धरण्याचे, कागद दाबून ठेवण्याचे, दाराची कडी लावण्याचे. काम हळू होईल. घरातल्या इतरांनी तेवढा वेळ काढावा.

गुरुजींनी आम्हांला शक्य क्रियापद शिकविले ते परीक्षेतील दोन गुणांसाठी. त्या ‘व’काराने शक्ती आणि कृती यांत ठेवलेले अंतर माणसाच्या आयुष्यात केवढे असू शकते, हे मोजायला शास्त्राला विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली.